‘नाव सगळ्यांना माहीत आहे’ म्हणजे कोणाला, काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने ब्रँड नव्या वेष्टनात परत येत आहेत आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रांत, आपल्याही पुरवणीत, हौसेने लिहून येते. त्या लिखाणात एक वाक्य हमखास सापडते: नाव घराघरांत पोचलेले आहे, त्यामुळे निम्मे काम आधीच झाले आहे. बाजार-सर्वेक्षणाच्या कामात असल्यामुळे या वाक्यावर आम्हा दोघांचा आक्षेप आहे. नाव पोचलेले असते हे खरे. पण एकाच घरातल्या आजोबांकडे आणि नातीकडे ते वेगवेगळे अर्थ घेऊन पोचलेले असते, आणि कधी कधी ते अर्थ एकमेकांच्या अंगावर येतात.

मुंबईचे ‘आरे’ घ्या. ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत गेले त्यांना आरे म्हटले की दूध केंद्र, पहाटेची रांग, दुधाचे कार्ड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बुचाची काचेची बाटली आठवते. गोरेगावची दूध वसाहत १९५१ साली सुरू झाली, शहरातले गोठे तिकडे हलवले गेले आणि सरकारी दूध योजनेचे ते नाव झाले. आता पंचविशीतल्या मुंबईकराला विचारा. त्याच्या डोळ्यांपुढे दूध येत नाही, झाडे येतात. मेट्रो ३ च्या कारशेडवरून झालेले आंदोलन, ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून सुरू झालेली आणि दोन हजारांहून अधिक झाडांवर गेलेली तोड, मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, हे त्याचे आरे. एप्रिल २०२२ पासून ते मेट्रो स्थानकाचेही नाव आहे, म्हणजे आज दहा वर्षांची असलेली मुले मोठी होतील तेव्हा आरे म्हणजे ‘गाडी बदलायचे ठिकाण’ एवढेच त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. आणि नाशिक-नगरकडच्या माणसाला विचारले तर आरेची सुगंधी दुधाची बाटली कधी स्टँडवर प्यायली होती, इतकेच निघते.

उद्या कोणी ‘आरे’ नावाने दही-पनीर बाजारात आणायचे ठरवले तर यातले कोणते आरे विकायचे? ज्येष्ठांना सरकारी शिक्क्याचा भरवसा आठवेल. तरुणांना वेष्टनावर हिरवे झाड दिसले तर काहींना ते गोड वाटेल आणि काहींना चीड आणणारे. या दोघांची सरासरी काढता येत नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र ती रोज काढली जाते.

‘टाटा’ तर याहून मोठे उदाहरण. परभणी, लातूर, चंद्रपूरकडच्या खेड्यांत ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ ते सरकारी आहे, तरी हजारो कुटुंबांच्या लेखी टाटा म्हणजे कर्करोग, धर्मशाळा आणि परळच्या पदपथावरची वाट पाहणे. पिंपरी-चिंचवडच्या सत्तरीतल्या माणसाला ‘टाटा मोटर्स’ म्हटले की क्षणभर अडखळायला होते, कारण त्याची कंपनी ‘टेल्को’. नाव २००३ मध्ये बदलले, पण निवृत्तांच्या बोलण्यात टेल्कोच राहिली, आणि तिच्याबरोबर कायम नोकरी, कॅन्टीन आणि कंपनीच्या बसचा थांबा. मुळशी खोऱ्यातल्या जुन्या घरांत टाटा म्हणजे धरण. त्या धरणाविरुद्धचा, १९२१ ते १९२४ चा सेनापती बापटांचा सत्याग्रह तिथे अजून नात्यागोत्यांत सांगितला जातो. शहरी तिशीतल्या ग्राहकाला याच नावाने मीठ, चहा, विजेवर चालणारी गाडी आणि घड्याळ-दागिन्यांचे दुकान आठवते. हे सगळे एकाच नावाचे, आणि यातली प्रत्येक आठवण ज्याची त्याच्यापुरती संपूर्ण खरी.

नॅनोचे काय झाले तेही याच अंगाने पाहण्यासारखे आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत गाडी दाखवली गेली तेव्हा ‘एक लाखाची गाडी’ ही बातमी जगभर गेली. अभियंत्यांच्या आणि पत्रकारांच्या दृष्टीने तो पराक्रम होता. ज्याच्यासाठी ती बनवली त्या दुचाकीवाल्या कुटुंबाला मात्र गाडी दारात उभी करायची होती ती शेजाऱ्यांना दिसावी म्हणून, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काही शेजाऱ्यांना दिसणारच होता. स्वस्त गाडी अशी प्रसिद्धी व्हायला नको होती, हे खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवले. तोच शब्द एका प्रेक्षकासाठी गौरव आणि दुसऱ्यासाठी कमीपणा ठरला, आणि पैसे देणारा प्रेक्षक दुसरा होता.

‘बजाज’ हे नाव आम्ही नव्या मुलाखतकारांना शिकवताना वापरतो, कारण ते कुठेही विचारा, चार पिढ्यांचे चार थर उघडे पडतात. साठीच्या पुढच्यांना चेतक: १९७२ मध्ये आलेली, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असलेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायची, डाव्या हाताने गिअर टाकायचे आणि थंडीत एका बाजूला कलती करून किक मारायची. पंचेचाळिशीतल्यांना १९८९ ची ‘हमारा बजाज’ जाहिरात, आणि तिच्यापाठोपाठ पल्सर. तिशीतल्यांना मासिक हप्त्याचे कार्ड आणि दुपारच्या वेळी कर्जासाठी येणारे फोन. घर सांभाळणाऱ्या बाईला, वय कोणतेही असो, मिक्सर आणि ट्यूबलाइट. तालुक्याच्या गावी रिक्षा. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणे थांबवण्याचे जाहीर केले आणि २०२० च्या जानेवारीत पुणे-बंगळुरूपासून विजेवरची चेतक विकायला काढली, तेव्हा नाव आणि पत्र्याचे अंग हे दोन धागे जुन्यातून उचलले. किक, ऑइलचा वास आणि रांग उचलली नाही, हे बरेच झाले. पण ज्या मुलाने जुनी चेतक कधी चालती पाहिलेली नाही त्याच्यासाठी हे नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे आहे, इतिहासाच्या पुस्तकातले. त्याला आठवणीचे आवाहन करून उपयोग नाही. त्याला एका चार्जमध्ये किती किलोमीटर आणि बॅटरीची हमी किती वर्षे, हे सांगावे लागते.

गोदरेजच्या बाबतीत आता मालकीचीच वाटणी झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये कुटुंबाने समूह दोन भागांत विभागल्याचे जाहीर केले: कुलपे, कपाटे, फ्रिज एकीकडे आणि साबण, केसांचे रंग, गृहप्रकल्प दुसरीकडे. नाव दोघांचेही. जुन्या पिढीचे गोदरेज, म्हणजे लग्नात रुखवताशेजारी उभे राहणारे पोलादी कपाट, एका बाजूला गेले. नव्या पिढीचे गोदरेज, म्हणजे फ्लॅटची जाहिरात, दुसऱ्या बाजूला. कपाटाचा तो दणकटपणाच फ्लॅटच्या किमतीत काही टक्के मिळवून देत असेल, तर त्याचे श्रेय आणि उद्या एखादा प्रकल्प रखडला तर त्याचा डाग कोणाच्या खात्यात जाईल, हा प्रश्न वकिलांनी कागदावर सोडवला असेलही. ग्राहकाच्या डोक्यात तो सुटत नाही.

एकाच माणसाच्या मनात दोन विरुद्ध अर्थ शेजारी नांदू शकतात, हे ‘डालडा’ दाखवते. १९३७ मध्ये आलेले हे वनस्पती तूप दोन पिढ्यांच्या दिवाळीत होते. चिरोट्यांना आणि शंकरपाळ्यांना जो खुसखुशीतपणा येई तो त्याचाच. त्याच घरांत ‘डालडा’ हे नकलीचे विशेषणही होते. त्याला कारण होते. साजूक तुपात वनस्पती मिसळून विकण्याचा धंदा इतका पसरला की वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले, कारण तिळाच्या तेलावर रासायनिक चाचणी केली की गुलाबी रंग येतो आणि भेसळ पकडता येते. त्यानंतरच्या पिढीने ट्रान्स फॅटबद्दल, म्हणजे अशा तुपात तयार होणाऱ्या आणि हृदयाला अपायकारक असलेल्या मेदाबद्दल, ऐकले. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे. आणि या सगळ्याहून चिवट आठवण म्हणजे तो रिकामा पिवळा डबा, ज्यात तुळस लावली जाई आणि जो घेऊन लोक पहाटे शेताकडे जात. साठीच्या पुढच्या गटात नावाची ओळख जवळजवळ सार्वत्रिक. पण त्या ओळखीत शौचाचा डबा किती आहे, हे न विचारता खाद्यतेलाचे बजेट ठरवणाऱ्याचे कठीण आहे. ब्रँड २००३ मध्ये विकला गेला आणि नव्या मालकाने तो खाद्यतेलांवर लावला. तरुण ग्राहकाला यातले काहीच माहीत नसते, आणि या एका ठिकाणी अज्ञान कंपनीच्या फायद्याचे.

कॅम्पाबद्दल अलीकडे सर्वांत जास्त लिहिले गेले. कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेल्यावर जी देशी पेये वाढली त्यांतले हे एक. २०२३ च्या मार्चमध्ये रिलायन्सने ते पुन्हा आणले. लेखांमध्ये ‘पन्नाशीतल्यांच्या आठवणी जाग्या झाल्या’ असे असते. दिल्लीकडे ते बऱ्याच अंशी खरे असेल. मुंबईत मात्र वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले बेकायदा मजले, २०१३-१४ मधला तो रहिवासी विरुद्ध महापालिका संघर्ष, टीव्हीवर फाटकाशी उभे राहिलेले लोक, हे नावाशी घट्ट चिकटलेले आहे. आणि आज दुकानात बाटली उचलणारा सोळा वर्षांचा मुलगा यातले काही उचलत नाही. तो दहा रुपयांत मिळणारा कोला उचलतो. पुनरागमन यशस्वी झाले असेल तर ते किमतीने आणि दुकानदाराला मिळणाऱ्या नफ्याने. आठवणीने किती, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही, तरी श्रेय आठवणीला दिले जाते. लेख लिहिणारे पन्नाशीचे असतात हेही एक कारण असावे.

वयाइतकाच फरक बसण्याच्या जागेचा पडतो. ‘गोकुळ’ मुंबई-पुण्यात म्हशीच्या दाट दुधाची पिशवी आहे, चहा घट्ट होतो म्हणून घेतली जाणारी. कोल्हापुरात गोकुळ म्हणजे गावची दूध संस्था, फॅटचा दर, दिवाळीआधीचे फरक बिल (दुधाच्या दरातल्या फरकापोटी उत्पादकाला मिळणारी रक्कम) आणि संघाची निवडणूक. एक ग्राहक आहे, दुसरा मालक. दर लिटरला दोन रुपये वाढले तर एकाला महागाई वाटते आणि दुसऱ्याला उशिरा मिळालेला न्याय. नागपूरकराचे हल्दीराम संत्रा बर्फी आणि सहकुटुंब जेवणाची जागा. पुणेकराचे हल्दीराम भुजियाचे पाकीट.

आता हे मोजायचे कसे, याबद्दल. मोठ्या कंपन्यांकडे संस्था असतात. आमच्या मनात आहेत ते मसाले, लोणची, बेकरी, आयुर्वेदिक चूर्णे, कापड असे व्यवसाय, जे तिसऱ्या पिढीच्या हाती आले आहेत आणि आजोबांच्या नावावर काहीतरी नवे विकू पाहत आहेत. त्यांना हे काम स्वतः करता येते. दोन माणसे, चार-पाच दिवस, शंभर मुलाखती.

आधी वयाचे गट. ‘मिलेनियल’, ‘जेन झी’ हे साचे अमेरिकेच्या इतिहासावर बेतलेले आहेत, ते इथे बसत नाहीत. आपल्याकडे नावे मनात कशी शिरली हे बदलले ते १९८२ च्या रंगीत दूरदर्शनने, १९९१ नंतर दुकाने भरल्याने आणि २०१६ च्या सप्टेंबरनंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने. उत्तर देणारा यांतल्या प्रत्येक टप्प्याला किती वर्षांचा होता, हे पाहून गट पाडावेत. आवडीनिवडी तरुणपणीच घट्ट होतात याला आधार आहे. होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांना १९८९ च्या अभ्यासात गाण्यांच्या आवडीचा कळस साधारण चोविसाव्या वर्षाच्या गाण्यांवर आढळला होता. खेड्यात हे टप्पे पाच-दहा वर्षे उशिरा धरावे लागतात, कारण वीज आणि टीव्ही उशिरा पोचले. छोट्या व्यवसायाने चारऐवजी दोनच गट केले तरी चालते: पस्तिशीच्या आतले आणि पंचावन्नच्या पुढचे. मधले तूर्त सोडून द्यावेत. ते दोन्हीकडे झुकतात आणि चित्र गढूळ करतात.

मग जागा. जिथे माल आज खपतो ते एक ठिकाण आणि जिथे न्यायचा आहे ते दुसरे. दोन वयोगट, दोन ठिकाणे, म्हणजे चार कप्पे. प्रत्येकात २५ माणसे. पंचवीस-तीस उत्तरांवरून टक्केवारी सांगू नये. तीस माणसांत पन्नास टक्के निघाले तर खरा आकडा ३२ पासून ६८ पर्यंत कुठेही असू शकतो. शंभर माणसांतही दहा टक्क्यांची हेलकावणी राहते. या आकाराच्या पाहणीतून ‘काय काय आठवते’ याची यादी मिळते आणि कप्प्याकप्प्यांतला ढोबळ फरक दिसतो. तेवढ्यावर बरेच निर्णय घेता येतात, ‘६२ टक्के ग्राहक म्हणतात’ असे छापता येत नाही.

प्रश्नांचा क्रम हा सगळ्यात नाजूक भाग. पहिला प्रश्न नुसते नाव घेऊन: ‘अमुक म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं?’ मग ‘आणखी?’, मग पुन्हा एकदा ‘आणखी?’. तीनदा विचारायचे कारण असे की पहिले उत्तर बहुधा वस्तूचे नाव असते (‘लोणचं’), दुसऱ्यात ठिकाण किंवा माणूस येतो (‘मामाकडे असायचं’), आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा मत बाहेर पडते (‘फार खारट’). उत्तरे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, त्याच शब्दांत लिहायची. ‘जुनाट’ म्हटले असेल तर ‘पारंपरिक’ लिहायचे नाही. हा बदल मुलाखतकार नकळत करतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. दुसरा प्रश्न: हे नाव शेवटचे कधी आणि कुठे पाहिले? यावरून जिवंत ओळख आणि केवळ आठवणीतली ओळख वेगळी करता येते. तिसरा: हे आज कोण वापरत असेल, ते माणूस कसे असेल? इथे लोक स्वतःबद्दल बोलताना जे झाकतात ते दुसऱ्याच्या नावावर सांगून टाकतात. चौथा: या नावाचे काय घ्याल, आणि काय कधीच घेणार नाही? वेष्टन, बोधचिन्ह, किंमत हे सगळ्यात शेवटी दाखवायचे. आधी दाखवले की उत्तर चित्रातून येते, मनातून येत नाही. बोधचिन्ह देवनागरीत आणि इंग्रजीत असे दोन असेल तर अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरे दाखवावे. एकच नाव लिपी बदलली की लगेच म्हातारे किंवा तरुण वाटू लागते.

‘काही आठवत नाही’ हे उत्तर वेगळे मोजावे. अनेक तक्त्यांत ते ‘तटस्थ’मध्ये ढकललेले असते. तटस्थ माणसाने विचार करून मत दिलेले असते. न ओळखणाऱ्याच्या मनात जागा मोकळी असते, आणि तिथे नवे काही लिहिता येते. धंद्याच्या दृष्टीने या दोन माणसांत जमीन-अस्मानाचा फरक.

मुलाखत बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर घेऊ नये. सासरे बसलेले असताना सून ‘तुमच्या काळचं आहे ते’ असे म्हणत नाही, आणि नातू उत्तर देतोय तोवर आजी त्याचे उत्तर सुधारते. गॅलरीत, अंगणात, दुकानाबाहेर, एकेकाला गाठावे. विचारणाऱ्याच्या वयाचाही परिणाम होतो; विशीतल्या मुलीने विचारले की ज्येष्ठ मंडळी समजावून सांगतात आणि पन्नाशीच्या गृहस्थाने विचारले की तेच लोक ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणून थांबतात. समजावून सांगितलेले आपल्या कामाचे. म्हणून आम्ही शक्यतो वयाने दूरची जोडी लावतो. घरात खरेदी कोण करते, खाते कोण आणि पैसे कोण देते, हे तीन वेगळे लोक असू शकतात. तिघांपैकी कोणाशी बोललो हे कागदाच्या डोक्यावर लिहावे. फोनवरच्या किंवा ऑनलाइन अर्जाने हे काम स्वस्तात उरकण्याचा मोह होतो. त्यात पंचावन्नच्या पुढचे आणि गावाकडचे गळतात, आणि जे उरतात त्यांनी अर्ज नातवाकडून भरून घेतलेला असतो.

उत्तरे जमली की पहिली पन्नास वाचून साधारण वीस कप्पे ठरवावेत: चव, किंमत, नात्यातले माणूस, सण, आजार, शाळा, जाहिरात, वाद वगैरे. मग दोघांनी स्वतंत्रपणे सर्व उत्तरे कप्प्यांत टाकावीत. पाचांपैकी एकाहून अधिक ठिकाणी मतभेद झाले तर कप्प्यांची व्याख्या सैल आहे, ती घट्ट करून पुन्हा बसावे. हे कंटाळवाणे काम आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

तक्ता वाचताना सरासरीचा रकाना झाकून ठेवावा. समजा ज्येष्ठांत दहापैकी सात जणांना नाव आपुलकीचे वाटते आणि तरुणांत दहापैकी एकालाच. एकत्र केले की दहापैकी चार, म्हणजे ‘बऱ्यापैकी आपुलकी’ असा अहवाल तयार होतो. तशी बऱ्यापैकी आपुलकी असलेला माणूस गावात शोधूनही सापडणार नाही. आणखी एक खबरदारी: आज साठीच्या लोकांना एखादे चूर्ण आवडते ते त्यांच्या पिढीला आवडते म्हणून, की साठीला आल्यावर पोटाला ते लागते म्हणून, हे एका पाहणीतून सांगता येत नाही. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, आठ-दहा वर्षांनी पुन्हा विचारला तरच कळते. म्हणून मूळ प्रश्नपत्रिका जपून ठेवावी. ती फेकून देण्याची चूक मोठ्या कंपन्याही करतात.

निष्कर्षांचे काय करायचे ते सहसा तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नातून स्पष्ट होते. ज्येष्ठांची आठवण उबदार आणि तरुणांची पाटी कोरी असेल तर एकच नाव दोन्हीकडे चालते. फक्त ज्येष्ठांकडे जुने वेष्टन बदलू नये आणि तरुणांना इतिहास ऐकवत बसू नये. ज्येष्ठांची आठवण उबदार पण तरुणांची चिडीची किंवा टिंगलीची असेल, तर नवी वस्तू वेगळ्या नावाने आणून जुने नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ठेवणे शहाणपणाचे. दोघांकडेही नाव एका वस्तूशीच घट्ट बांधलेले असेल, उदाहरणार्थ दंतमंजनाशी, तर त्याच नावाने खाण्याची वस्तू काढू नये, कितीही विश्वासार्ह असले तरी. तोंडात दंतमंजनाची चव येते. आणि उलटही घडते. एचएमटीची किल्लीची घड्याळे बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण ज्यांनी ती शाळेतल्या बक्षिसाची किंवा सासऱ्यांनी दिलेली म्हणून घातली त्यांच्यापेक्षा आज ती हौसेने शोधणारे वयाने कितीतरी लहान आहेत. ज्येष्ठ विचारतात, दुरुस्ती कुठे होईल? तरुण विचारतात, या तबकडीचा रंग मूळचा आहे ना? दोघांना एकाच माहितीपत्रकाने उत्तर देता येणार नाही.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी याच चार कप्प्यांत आणखी दोन घालावेत. लग्नानंतर न्यू जर्सीत गेलेल्या बाईला बेडेकरांच्या मसाल्याच्या पाकिटावर गिरगाव दिसते. तिथेच वाढलेल्या मुलीला ते भारतीय दुकानातल्या फळीवरचे अनेक पाकिटांतले एक. तिच्यासाठी पाकिटाच्या मागे पाच ओळींत कृती आणि तिखटपणाची खूण छापणे हे पिढीजात परंपरेच्या परिच्छेदापेक्षा उपयोगी.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. ‘महाराष्ट्राचे सर्वांत विश्वासार्ह ब्रँड’ अशा याद्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्यांच्याखाली तीन ओळी छापण्याचा आग्रह पाहणी करणाऱ्यांकडे धरावा: प्रश्न मूळ कोणत्या शब्दांत व कोणत्या भाषेत विचारला, कोणत्या वयाच्या, कोणत्या जिल्ह्यांतल्या किती जणांना विचारला, आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे किती होते. ज्यांना या तीन ओळी देता येत नाहीत त्यांची यादी जाहिरातीच्या दराने छापावी.

आपले,
बाजार-सर्वेक्षणाच्या व्यवसायातले दोन वाचक,
पुणे